कोरी बोटं

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता सदू गवंडे मला पाव किलो शेंगदाणे तोलून देत होता, तेव्हा त्याच्या डाव्या तर्जनीचं नख स्वच्छ होतं. नखाच्या मुळाशी, जिथं कातडी नखाला मिळते तिथं, हळदीची एक पिवळट रेघ होती. बाकी काही नाही. माझ्या त्याच बोटाचं नख काळं होतं. कोळशासारखं नव्हे. मधोमध जांभळट काळं आणि कडेला तपकिरी होत गेलेलं.

आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सदूनं मत दिलं होतं. मी दारातच उभी होते.

"सदूभाऊ, बोट घासलंत का?"

"नाही बाई. कशाला घासू? लागलीच नाही मला शाई. तुमच्या तातोबा शिपायानं काडी फिरवली, पण नुसतं पाणी फिरवल्यागत वाटलं." त्यानं पुडा बांधला. "तुमची शाई फसली म्हणायची."

"मत एकदाच दिलंत ना?"

सदूनं दोरा दातानं तोडला.

"बाई, शेंगदाणे कच्चेच नेताय की भाजून देऊ?"

मी कच्चेच घेऊन घरी आले.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमधली. करंजपेठेत आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेची निवडणूक त्या वर्षी कोर्टाच्या आदेशानं झाली, कारण त्याआधीच्या निवडणुकीत पाचशे अठ्ठ्याण्णव सभासदांनी सहाशे चाळीस मतं दिली होती. पराभूत झालेले जिनपाल मगदूम कोर्टात गेले. कोर्टानं सांगितलं, मतदाराच्या बोटाला शाई लावा आणि दोन्ही बाजूंना मान्य असेल असा निवडणूक निर्णय अधिकारी नेमा. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब शिंगटे यांनी माझं नाव सुचवलं. मगदुमांनी ते लगेच मान्य केलं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते आणि फारसं बोलत नव्हते. बाई आपल्या पगारावर आहेत, असं भाऊसाहेबांना वाटलं. मगदूम नात्यानं माझ्या यजमानांचे चुलतभाऊ, तेव्हा वहिनी आपल्या घरातल्या आहेत, असं त्यांना वाटलं. मला कुणी विचारलं नाही. पत्र आलं.

सरकारी शाई खासगी संस्थेला मिळत नाही. भाऊसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

"बाई, ती शाई कशाची करतात?"

"सिल्व्हर नायट्रेटची. कातडीवर लावली की आधी दिसत नाही. उजेडात काळी पडते आणि मग नख वाढेपर्यंत जात नाही."

"तुमच्या प्रयोगशाळेत आहे ते?"

"चार वर्षांपूर्वी दहा ग्रॅम होतं. संपलं. नंतर मी दरवर्षी पंचवीस ग्रॅम मागते आहे."

"मग?"

"तुम्ही शेरा मारलात, 'चांदी परवडत नाही, फळ्यावर आकृती काढून दाखवावे.'"

भाऊसाहेब मोकळेपणानं हसले. विटांच्या सहा भट्ट्यांचा मालक, पण माणूस हसला की समोरच्याला राग धरून ठेवणं अवघड जायचं. त्याच दुपारी त्यांची जीप सांगलीला गेली आणि संध्याकाळी पाच वाजता माझ्या टेबलावर शंभर ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट होतं. सोबत एक लिटर स्पिरिट. स्पिरिट मीच मागितलं होतं, कारण शाई लावण्यापूर्वी बोट तेलातुपाशिवाय असावं लागतं. तेलकट कातडीवर हे द्रावण ठरत नाही, ओघळून जातं.

त्या निवडणुकीत बोटं तेलातुपाशिवाय असण्याची शक्यता मुळातच कमी होती. सत्ताधारी पॅनेलचं चिन्ह छत्री, मगदुमांचं कंदील. छत्रीनं प्रत्येक सभासदाच्या घरी प्रेशर कुकर पोचवला होता, कंदिलानं भिंतीवरचं घड्याळ. छत्रीनं मतदानाच्या दिवशी शाळेशेजारच्या मंगल कार्यालयात सकाळी दहापासून पंगती घातल्या, एका अंगाला मटण आणि दुसऱ्या अंगाला पुरणपोळी, वर हवं तेवढं तूप. कंदिलानं आपले मतदार तीन दिवस आधीच दोन गाड्या भरून कोकणात नेले होते. ते रविवारी परतले ते वाटेतल्या शेवटच्या हॉटेलात भजी खाऊन, आणि थेट मतदानाच्या रांगेत. हे सगळं एका शाळेच्या कार्यकारी मंडळासाठी. त्या शाळेत सातवी ब चा वर्ग जिन्याखाली भरत होता.

मतदान चित्रकलेच्या वर्गात झालं. तिथं उजेड कमीच; शाई काळी पडली की नाही, ते लगेच दिसायचं नाही. यादीवर खुणा करायला दोन्ही पॅनेलांचा एकेक माणूस आणि काडी फिरवायला तातोबा होता. तातोबा प्रयोगशाळेचा शिपाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला सगळं दोनदा सांगितलं होतं. आधी स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसायचं, पाच सेकंद वाळू द्यायचं, मग काडी.

यादीत सहाशे बारा नावं होती. निदान शंभर सभासद पुण्या-मुंबईकडं असायचे. तीसेक तर वारलेलेच होते. त्यांची नावं काढायची तर मंडळाची सभा घ्यावी लागली असती, आणि सभा निवडणुकीनंतर होणार होती. मतं पडली पाचशे एकाहत्तर. सोमवारी दुपारी मोजणी झाली. छत्री नऊ मतांनी पुढे.

संस्थेच्या घटनेप्रमाणे निकाल पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभेत निवडणूक अधिकाऱ्यानं जाहीर करायचा असतो. तो जाहीर झाला की पक्का. तोवर अधिकाऱ्याला काही गैर आढळलं तर फेरमतदान. म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते.

मी मोजायला सुरुवात केली. मतदान करताना ज्यांना मी स्वतः पाहिलं होतं, अशी त्रेचाळीस माणसं मला मंगळवार संध्याकाळपर्यंत बाजारात, बँकेत, एसटी स्टँडवर दिसली. सतरा जणांची बोटं काळी होती. सव्वीस कोरी. सतरांपैकी चौदा जण घरून जेवून किंवा न जेवता आले होते. त्यांची नावं मी इथं सांगत नाही, पण ती मला अजून पाठ आहेत.

बुधवारी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. खालच्या फळीवर, आम्लांच्या बाटल्यांच्या मागं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली होती. स्पिरिट. एक लिटर. झाकणाचं सील तसंच.

"तातोबा मामा," मी म्हणाले, "ही बाटली उघडलीच नाहीत?"

"न्हाई बाई." तो काचेच्या नळ्या धूत होता. मान वर केली नाही. "म्हटलं, मतदानाला कशाला नासायची? आपलं स्पिरिटचं दिवं वरीसभर पेटत्यात त्यात. गेल्या साली तुम्ही घरनं आणलं व्हतं पदरचं. माज्या ध्यानात हाय."

"मी बोटं पुसायला सांगितलं होतं."

"पुसली की. पयली धा-पंधरा पुसली फडक्यानं. मग रांग लागली. आन लोक काय घाण बोटं घिऊन येत्यात व्हय? जेवून हात पुसूनच येत व्हती."

"कशानं पुसून?"

"कागदानं." आता त्यानं मान वर केली. "तुमीच सांगता, मामा, थेंब न् थेंब जपून वापरा. अकरा वर्सं सांगताय."

हे खरं होतं. मी अकरा वर्षं सांगत होते.

मी स्टुलावर बसले. त्याचं डावं बोट नळीवरून फिरत होतं. कोरं.

"मामा, तुम्ही मत दिलंत?"

"दिलं की."

"किती?"

त्यानं नळी उजेडात धरून बघितली, आत काही राहिलंय का म्हणून. "दोन."

"दोन!"

"एक छत्रीला, एक कंदिलाला. कुकर आला, घड्याळ पन आलं. मटणाला बसलो, भजीबी कुणीतरी दिली हातात. एकालाच मत दिलं असतं तर दुसऱ्याचा घास अंगाला लागला असता का, सांगा."

"दुसरं कुणाच्या नावावर दिलंत?"

"सुपनेकर गुरुजींच्या."

सुपनेकर गुरुजी आमचे जुने मुख्याध्यापक. त्यांना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या.

"गुरुजी असते," तातोबा म्हणाला, "तर त्यांनीबी कंदिलालाच दिलं असतं. त्यांचं शिंगट्याशी कधी पटलं न्हाई. म्हंजे मी काय त्यांच्या मनाविरुद्ध केलं न्हाई."

मी बाटली परत कागदात गुंडाळली आणि होती तिथं ठेवली. ते बरोबर होतं की चूक, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नाही, म्हणून ठेवली.

या सगळ्यात मला स्वतःला काय हवं होतं, ते इथं सांगायला हवं. त्या वर्षी सरकारनं आमच्या शाळेला अकरावी विज्ञानाची परवानगी दिली होती. अट एकच. तीस जूनच्या आत प्रयोगशाळेचं सामान जागेवर हवं, तपासणीस येऊन बघणार. नसेल तर परवानगी रद्द. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. आमच्याकडे पहिली आली शमशाद मुजावर. गणितात दीडशेपैकी एकशे अडतीस.

गुरुवारी ती वडिलांबरोबर शाळेत आली. इलाही मुजावर एसटी स्टँडसमोर शिलाईचं दुकान चालवत. आमच्या शाळेचे निम्मे गणवेश त्यांच्याच हातचे. ते संस्थेचे सभासद नव्हते, त्यामुळे त्यांच्या घरी कुकर नव्हता आणि घड्याळही नव्हतं.

"बाई, मी पोरीच्या शिक्षणाच्या आड येणारा माणूस नाही," ते म्हणाले. "पण सांगली म्हणजे जाऊन-येऊन चार तास एसटी. हिची आई ऐकत नाही. इथं सायन्स निघालं तर घेऊ दे म्हणते. नाहीतर मग आर्ट्स."

"आर्ट्स वाईट नाही अब्बा," शमशाद म्हणाली. मग माझ्याकडं वळून अगदी हळू, "बाई, सामान येणार ना?"

"तीस तारखेच्या आत आलं तर."

"म्हणजे निवडणुकीवर आहे."

"होय."

ती प्रयोगशाळेच्या दारातून आत बघत होती. आत बघण्यासारखं काही नव्हतं.

ती दोघं गेली आणि तासाभरात भाऊसाहेब आले. अध्यक्ष झाल्यापासून प्रयोगशाळेत त्यांचं ते पहिलंच पाऊल. ते मुलांच्या स्टुलावर बसले आणि एकदम सावरले.

"बाई, हे हलतंय."

"हो. फार दिवस हलतंय."

त्यांनी खिशातून कागद काढून टेबलावर सरळ केला. सांगलीच्या एका दुकानाची यादी होती. दहा सूक्ष्मदर्शक. चार रासायनिक तराजू. ब्युरेट, पिपेट, गॅसचे बर्नर, सिंक, नळ. मी तीन वर्षांपूर्वी अकरावीच्या परवानगीच्या अर्जाला जोडलेली यादी, माझ्याच क्रमानं.

"रविवारी निकाल लावा. मंगळवारी टेम्पो दारात."

"आणि फेरमतदान झालं तर?"

"मग हा कागद तुम्ही जपून ठेवा, आठवण म्हणून." ते चिडून बोलत नव्हते. विटांचा हिशेब सांगावा तसं सांगत होते. "फेरमतदान म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवस म्हणजे परत पंगती, परत गाड्या. कुकर देऊन झाला, आता मिक्सरच्या खाली कोण बघणार नाही. मगदूम शिलाई मशीन देतोय म्हणून उठलंय आधीच. माणसानं पुरं तरी कुठवर पडायचं? मतदाराला देऊ का सूक्ष्मदर्शकाला?"

"कुकर वाटले तेवढ्यात दोन प्रयोगशाळा झाल्या असत्या, भाऊसाहेब."

"झाल्या असत्या की. पण प्रयोगशाळेला मत नसतं, बाई."

त्यांनी माझ्या काळ्या बोटाकडं बघितलं, मग स्वतःच्या. त्यांचंही काळं होतं. ते मधुमेहामुळं पंगतीत बसले नव्हते.

"यातली मतं खरी नाहीत," मी म्हणाले.

"कुणाची? माझी की मगदुमाची?"

"दोघांचीही."

"मग झालं तर! दोन्हीकडनं सारखी वजा करा. फरक तोच राहील. तुम्ही गणितच शिकवता ना?"

"विज्ञान."

"तेच ते." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "तातोबाला पुढच्या वर्षी पेन्शन आहे. काडी त्याच्या हातात होती, हे सभेत निघू नये असं मला वाटतं. बाकी तुम्ही शहाण्या आहात."

शुक्रवारी मगदूम घरी आले. आंब्यांची पेटी आणली होती. मी ती पायरीवरच ठेवायला सांगितली.

"वहिनी, मला काही नको. फक्त फेरमतदान घ्या. सत्य जिंकू द्या."

"कोकणातल्या गाड्यांतून उतरलेल्यांची बोटंही कोरीच आहेत, भावजी."

"असतील. मी कुठं नाही म्हणतो? पण तिकडं जास्त आहेत." ते पुढे सरकून बसले. "निवडून आलो की प्रयोगशाळा बांधणार. आमच्या आईच्या नावानं. संगमरवरी पाटी."

"कधी?"

"निवडून आल्यावर."

"तीस जूनच्या आत सामान लागतं. आत्ता घेऊन द्या. जिंकलात तर तुमचं, हरलात तर आईच्या नावानं राहीलच."

मगदुमांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं वेडसर नातेवाइकाकडं बघतात. "आत्ता कसं वहिनी? आत्ता तर निवडणूक आहे!"

पेटी जाताना ते घेऊन गेले. यजमान म्हणाले, "हापूस होता." एवढंच म्हणाले.

गावाचं म्हणणं वेगळंच होतं. तेही मला रोज ऐकायला मिळत होतं. बँकेच्या रांगेत टपालमास्तरांच्या पत्नी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "फेरमतदानच घ्या हो बाई. आम्हाला कुकर मिळाला, पण घड्याळाच्या वेळी आम्ही नेमके लग्नाला गेलो होतो." सदू गवंडेनं मला शेंगदाण्यांवर मूठभर जास्त टाकले. हायस्कूलच्या चित्रकलेच्या सरांनी तर स्टाफरूममध्ये सर्वांसमोर विचारलं, "बाई, मिक्सर तीन भांड्यांचा असेल ना?" सगळे हसले. मग एकाएकी थांबून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण खरंच विचारायचं होतं.

म्हणजे प्रामाणिकपणे वागायचं ठरवलं तर गावाला मिक्सर मिळणार होता आणि शमशादला आर्ट्स. आणि डोळ्यांवर कातडं ओढलं तर सूक्ष्मदर्शक. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की निरीक्षणातून निष्कर्ष आपोआप निघतो. तो आठवडाभर निघत नव्हता. जो विचारेल त्याला मी म्हणत होते, "रविवारी सांगते."

शमशाद आता बँकेत अधिकारी आहे. कधी भेटली की म्हणते, "बाई, आर्ट्स घेतलं तेच बरं झालं. मला गणित कुठलं जमायला?" मी मान हलवते. अकरावी विज्ञान आमच्याकडे दोन वर्षांनी सुरू झालं. पण ते त्या आठवड्यात मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर ठरवणं सोपं गेलं असतं असंही वाटत नाही.

शनिवारी दुपारी मी संस्थेची घटना वाचायला घेतली. चोवीस पानं, छोटा टाइप. आजवर कुणी पुरती वाचली असेल असं वाटत नव्हतं, कारण बारावं आणि तेरावं पान एकमेकांना चिकटलेली होती. मी ती पट्टीनं हळू सोडवली.

रविवारी सभा अकरा वाजता होती. सभागृह म्हणजे आमचा लांब पत्र्याचा हॉल. चारशेच्या वर माणसं खाली सतरंजीवर दाटीनं बसली होती, बायका डाव्या बाजूला. मैदानात दोन मांडव पडले होते. भाऊसाहेबांनी विजयाचं जेवण ठेवलं होतं, नऊ मतांच्या भरवशावर. मगदुमांनीही ठेवलं होतं, फेरमतदानाच्या भरवशावर. दोन्ही चुली पेटलेल्या. उजव्या खिडकीतून रश्श्याचा वास येत होता, डाव्या खिडकीतून जिलेबीचा. लोक आलटून पालटून दोन्ही खिडक्यांकडं बघत होते.

मी व्यासपीठावर एकटीच. दोन्ही पुढारी पहिल्या रांगेत, मधे एक खुर्ची सोडून. तातोबा दाराशी उभा होता. त्याचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

मी कागद घेतला नव्हता. उभी राहिले.

"मागच्या रविवारी पाचशे एकाहत्तर मतं पडली," मी म्हणाले. "त्या दिवशी गावात एवढे सभासद नव्हते."

मागून कुणीतरी ओरडलं, "वरून आले असतील!" हशा पिकला.

"शाई लावण्यापूर्वी मतदारांची बोटं नीट पुसून घ्यायला हवी होती. ती पुसली गेली नाहीत, त्यामुळे शाई लागली नाही आणि अनेकांनी एकाहून जास्त मतं दिली. बोटं पुसली जातात की नाही हे बघण्याची जबाबदारी माझी होती. मी ती पार पाडली नाही. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाचीही नाही."

तातोबा दाराच्या चौकटीला टेकला.

"म्हणून हे मतदान मी रद्द करते. फेरमतदान होईल."

टाळ्यांचा असा कडकडाट मी त्या हॉलमध्ये ना त्याआधी ऐकला होता, ना त्यानंतर. पंधरा ऑगस्टलाही नाही. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी शिट्टी वाजवली. "मिक्सर!" असा एक आवाज आला आणि त्यावर "तीन भांड्यांचा!" असा दुसरा. मगदूम वळून लोकांना हात जोडत होते. भाऊसाहेब उठले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि हळूहळू हॉल शांत झाला. हरलेल्या घटकेलाही त्यांचा हात वर झाला की लोक गप्प बसायचे.

"ठीक आहे बाई," ते म्हणाले. "तुमचा अधिकार आहे. तारीख सांगा म्हणजे आम्ही तयारीला लागतो. किती? पंधरा दिवस ना?"

"पंधराच!" मगदूम म्हणाले. त्या आठवड्यात दोघांचं एकमत झालं ते या एका शब्दावर.

"घटनेत तेराव्या पानावर आहे," मी म्हणाले. "'पंधरा दिवसांच्या आत.' किती आत, ते लिहिलेलं नाही. ते अधिकाऱ्यानं ठरवायचं आहे."

"मग ठरवा की."

"ठरवलं आहे. मतपत्रिका काल मी सायक्लोस्टाइल करून ठेवल्या आहेत. सभासदांची यादी टेबलावर आहे. आज जे सभासद समोर बसले आहेत तेच मतदान करतील, एकेकाला नावानं हाक मारली जाईल, आणि मतदान संपेपर्यंत या हॉलचं दार उघडणार नाही."

डाव्या खिडकीशी बसलेला सदू गवंडे हळूच विचारता झाला, "म्हणजे कधी, बाई?"

भाऊसाहेब माझ्याकडं बघत होते. बहुधा त्यांना कळलं होतं. मगदुमांना कळलं नव्हतं.

"आत्ता," मी म्हणाले. "जेवणाआधी."